झंझावात आणि श्रावकाची जयणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वादळाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या समाजाने कोकणच्या किनाऱ्यावर दुकाने मांडली, घरे बांधली आणि जिनालये उभारली, त्या समाजाच्या पुढील पन्नास वर्षांचा विचार या विषयावाचून पुरा होणार नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ आले. त्यास वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर जाऊन १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात शिरले. जुन्या पिढीच्या समजुतीप्रमाणे चक्रीवादळ ही बंगालच्या उपसागराची गोष्ट होती; ओरिसा आणि आंध्र यांनी ती सोसावी आणि येथील लोकांनी वर्तमानपत्रात वाचावी. अरबी समुद्राचे पाणी तापू लागले आणि ही समजूत मोडली. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर असले म्हणजे वादळाला खाद्य मिळते. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अरबी समुद्रात ते मुबलक असते.

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान त्याने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. हवामान खात्याच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंतचे होते. आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढ्या वेगाने तर महामार्गावर गाड्या धावतात. येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग साठावरून एकशेवीसवर गेला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा आणि खाडीपलीकडील मंडणगड, दापोली या पट्ट्यात त्या चौपटीचा अर्थ लोकांनी डोळ्यांनी पाहिला. आजोबांनी लावलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, नारळाला त्याहून अधिक. म्हणजे त्या दुपारी केवळ झाडे पडली नाहीत, अनेक कुटुंबांचे पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न पडले. आणि बागाइतदाराचे उत्पन्न बुडाले की बाजारपेठेतील उधारीची वहीही त्याबरोबर बुडते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि त्या वादळाने जो खरा धडा दिला तो वाऱ्याचा नव्हता. वारा चार तासांत ओसरला. त्यानंतर आला तो अंधार. विजेचे खांब हजारोंनी कोसळले होते आणि अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून विहीर भरलेली असून घरात पाणी नाही. कित्येक वर्षे मोटरवर विसंबलेल्या घरांत विहिरीचा रहाट मोडून गेला होता आणि बादली होती तर दोर नव्हता. वीज नाही म्हणून पिठाची गिरणी बंद. गहू पोत्यात आणि पोळी ताटात नाही. मोबाईलचे मनोरे मुके झाले, एटीएम बंद पडले आणि खिशात रोकड नसलेला लक्षाधीश किराणा दुकानाच्या पायरीवर उधारी मागताना दिसला. त्यातच करोनाची टाळेबंदी. मुंबई-पुण्याची मुले घरी येऊ शकत नव्हती आणि त्यांना आई-वडिलांचा आवाजही ऐकू येत नव्हता. पत्रे, कौले आणि ती बसविणारे कारागीर, तिन्ही एकदम दुर्मीळ झाले. तोंडावर मृग नक्षत्र, डोक्यावर उघडे आढे.

म्हणून गृहस्थाची तयारी चार तासांच्या वाऱ्यापुरती असून चालत नाही; ती निदान तीन आठवड्यांच्या अंधाराची असावी लागते. वर्तमानपत्रांतून आणि सरकारी पत्रकांतून पहिल्या भागावर पुष्कळ सांगितले जाते, दुसऱ्यावर फार थोडे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो श्रद्धाळू माणसांकडूनच येतो. जे कर्मात असेल ते होणार, तयारी करून काय टळणार? हा विचार नम्रतेचा दिसतो, परंतु तो जिनमताचा नव्हे. जैन दर्शन कोणत्याही कार्याला पाच कारणांचा समवाय मानते: काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. यांपैकी एकालाच धरून बसणे म्हणजे मिथ्यात्व, असे सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त स्पष्ट केले आहे. वादळ येणे हे काल-स्वभावाच्या हाती असेल. दाराला आडणा होता की नव्हता, हे पुरुषार्थाच्या हाती होते. ओरिसाचेच उदाहरण घ्यावे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, पूर्वसूचना शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याची व्यवस्था केली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली. ३ मे २०१९ च्या ‘फनी’च्या वेळीही हेच दिसले. चौदा वर्षांत त्या लाखो माणसांचे पूर्वकर्म एकाएकी पालटले असे कोणी म्हणणार नाही. याच्या उलट ९ जून १९९८ चे कांडल्याचे वादळ; मिठागरांतील मजुरांपर्यंत सूचना पोहोचलीच नाही आणि हजाराहून अधिक जीव गेले. कच्छमधील जी कुटुंबे या समाजात आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना ती आठवण नव्याने करून द्यायला नको.

घर सोडण्याची वेळ आली तर सोडावे, हा या विषयातील सर्वांत कठीण भाग. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात माकंदी सार्थवाहाच्या दोन पुत्रांची कथा आहे. जिनपालित आणि जिनरक्षित यांनी अकरा वेळा समुद्रयात्रा करून धन आणले होते. बाराव्या यात्रेला आई-वडिलांनी नको म्हटले, तरी ते निघाले. वादळात जहाज फुटले आणि एका फळीच्या आधाराने दोघे रत्नद्वीपाला लागले. तेथील देवीच्या पाशातून सुटताना शैलक यक्षाने अश्वरूपात त्यांना पाठीवर घेतले. अट एकच होती, मागे वळून पाहायचे नाही. जिनरक्षिताने पाहिले, आणि तो गेला. कथेचा आशय विषयासक्तीविषयीचा आहे हे खरेच. पण किनाऱ्यावरील माणसाला ती सरळ अर्थानेही पुरते. घर सोडलेला मनुष्य निम्म्या वाटेतून परततो तो बहुधा कपाटातील डब्यासाठी, गल्ल्यासाठी किंवा ‘फक्त एकदा कुलूप पाहून येतो’ म्हणून. वृद्ध माता-पिता तर ‘या घरात आले, येथूनच जाऊ दे’ म्हणून बसतात. त्यांच्याशी वादळाच्या दिवशी वाद घालून उपयोग नसतो. कोठे जायचे, त्यांचे आसन, माळ, औषधे आणि मुहपत्ती कोठे ठेवायची, पूजेची सोय कशी होईल, हे महिनाभर आधी त्यांच्याशी बोलून ठरले असेल तर त्या दिवशी ते मुकाट्याने उठतात.

सूचना कधी मिळते हेही माहीत असावे. हवामान खाते किनाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने इशारे देते: सुमारे ७२ तास आधी पूर्वदक्षता, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी केशरी आणि १२ तास आधी लाल. पिवळ्या रंगाला बाजारहाट आणि छप्पर, केशरी रंगाला सामान उचलणे, लाल रंगाला घरात किंवा निवाऱ्यात असणे. लाल रंग लागल्यावर ताडपत्री आणायला निघणे हा भाबडेपणा आहे. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असावा, कारण मोबाईलमधील नोंद मोबाईलबरोबरच विझते.

छपराविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘वारा आत-बाहेर खेळता ठेवला म्हणजे छप्पर उडत नाही, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. छपरावरून धावणारा वारा छपराला वर खेचतो. त्याच वेळी उघड्या खिडकीतून आत शिरलेला वारा त्याला खालून वर ढकलतो. दोन्ही बळे एकत्र आली की पत्रा जातो. सर्व दारे-खिडक्या घट्ट बंद, आतून आडणे, हेच योग्य. बाहेर आलेली पाखी सर्वप्रथम उचलली जाते. म्हणून कडेचे पत्रे आकड्यांनी वाशांना पक्के आवळलेले असावेत आणि हे काम वैशाखात व्हावे. गच्चीवरील रिकामी पिंपे, कुंड्या, सैल पत्र्याचे तुकडे, दुकानाच्या पाट्या आधी खाली घ्याव्यात. उडणारा पत्रा शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडतो, आणि तेथे कोणाचे प्राण गेले तर ती हिंसा कोणाच्या खात्यावर मांडायची?

झाडांच्या फांद्यांचा प्रश्न यातूनच निघतो. घरावर झुकलेली, वाळलेली फांदी तोडावी का? वनस्पतिकायाच्या हिंसेचा विचार करून पुष्कळ श्राविका ती तोडू देत नाहीत. त्यांची भावना वंदनीय आहे. परंतु हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत गृहस्थाला सर्वथा वर्ज्य ती संकल्पी. घराच्या रक्षणासाठी, पक्ष्यांची घरटी नाहीत हे पाहून, जरूर तेवढीच फांदी उतरविणे हे आरंभी स्वरूपाचे होय. अख्खे झाड भयाने तोडून टाकणे मात्र वेगळे. ‘निसर्ग’नंतर काही ठिकाणी उभी, निरोगी झाडेही लोकांनी पाडली, ते योग्य झाले नाही.

वारा जोरात असताना एकाएकी शांत झाला तर बाहेर पडू नये. मोठ्या वादळाचा मध्यभाग, ज्याला डोळा म्हणतात, तो डोक्यावरून जात असताना काही काळ आकाशही उजळते. मग वारा उलट दिशेने येतो, आणि आधीच्या झोताने निम्मे मोडलेले सर्व काही त्या वेळी पडते.

आता स्वयंपाकघर. येथे जैन घराण्याला फारसे शिकवावे लागत नाही, हे अभिमानाने नव्हे तर निरीक्षणाने म्हणावेसे वाटते. पर्वतिथीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरात मूग, मठ, चवळी, गट्टे, पापड, वड्या असतातच. कांदा-बटाट्यावर स्वयंपाक अडत नाही. आयंबिलाची ओळी केलेल्या श्राविकेला दूध, तूप, तेल नसताना अन्न कसे करावे हे ठाऊक असते. खाखरा तर वादळासाठीच निर्माण झाल्यासारखा पदार्थ: शिजवायला नको, पाणी फार नको, मूलही खाते आणि दात पडलेले आजोबाही दुधात बुडवून खातात. मात्र काळमर्यादेचे भान ठेवावे. फाल्गुन पौर्णिमेपासून आषाढ चौमासीपर्यंतच्या उन्हाळी काळात खाखरा-मिठाईला वीस दिवस, चातुर्मासात पंधरा दिवस, हिवाळ्यात महिना, अशी परंपरा आहे. आपापल्या गच्छाप्रमाणे थोडा फरक असल्यास गुरुभगवंतांना विचारावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या वादळाला उन्हाळी मर्यादा लागते, तीच आषाढात उतरते, हे साठा करताना मनात असावे. दळण मात्र आगाऊ करून ठेवता येत नाही, पिठाची मर्यादा थोडी असते. तेव्हा घरात हाताचे जाते असावे. ज्यांनी ते अंगणात शोभेसाठी पालथे घातले आहे त्यांनी ते धुऊन आत घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी वादळाच्या दिवशी स्वयंपाक सकाळीच आटोपावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वी अन्नपाणी निर्विघ्न होते आणि वाऱ्यात शेगडी पेटवावी लागत नाही. गॅसचे सिलिंडर बंद करून ठेवावे.

पाणी भरताना सर्वांत मोठी चूक होते ती उघड्या पिंपांची. वादळानंतर साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास होतात, मग एकीकडे असंख्य जीवांची उत्पत्ती व विराधना आणि दुसरीकडे घरात ताप. गाळून, घट्ट झाकून, फडके बांधून पाणी ठेवावे. विहिरीत समुद्राचे किंवा गटाराचे पाणी गेले असेल तर उपसा आणि तपासणी झाल्याशिवाय पिऊ नये. उकाळलेल्या पाण्याला उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि चातुर्मासात तीन, हा नियम पाळणारे घर वादळानंतरच्या साथीतही सहसा वाचते. दोर आणि बादली विहिरीजवळ असावी, ही इतकी साधी गोष्ट, पण सांगावीच लागते.

प्रकाशासाठी उघडी ज्योत टाळावी. मेणबत्तीवर आणि चिमणीवर पावसाळी रात्री किती पतंग येऊन पडतात हे सर्वांनी पाहिले आहे; शिवाय वाऱ्यात आगीचे भय. सौर कंदील आणि बॅटरी या दोन वस्तू अहिंसेलाही धरून आहेत आणि सोयीलाही. जमिनीवर पडलेल्या तारेला, ती मेलेली दिसली तरी, काठीनेही स्पर्श करू नये. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन शीतकपाट बंद पडल्यावर मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्याने गुंडाळून, पाणी आत न जाता ठेवता येते. नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या असाव्यात.

दुकानाविषयी चार शब्द अधिक, कारण समाजाचा बहुतांश संसार दुकानावर चालतो. कापडाला पाणी दोन्ही बाजूंनी येते, खालून पुराचे आणि वरून उडालेल्या पत्र्याचे. म्हणून तळाची फळी जमिनीपासून उंच असावी आणि सर्वांत महाग तागे सर्वांत वरच्या फळीवरही नसावेत. मधला खण सुरक्षित. भिजलेला माल गठ्ठ्यातच ठेवून ‘नंतर पाहू’ म्हटले तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि रंगीत कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरतो. आधी पांढरे-रंगीत वेगळे करावे, खारे पाणी लागले असल्यास गोड्या पाण्याने धुवावे, सावलीत वाऱ्यावर पसरावे. परंतु त्याही आधी छायाचित्रे काढावीत, आणि विम्याच्या पाहणीदाराला दाखविल्यावाचून एकही तागा विकू किंवा फेकू नये. तलाठ्याचा पंचनामाही त्याच दिवसांत करून घ्यावा. छप्पर दुरुस्त झाल्यावर नुकसान कोणाला दिसत नाही.

विम्याविषयी व्यापारी समाजातही आश्चर्यकारक अनास्था आहे. बँकेने कर्जासाठी काढायला लावला तेवढाच विमा, आणि तोही दहा वर्षांपूर्वीच्या मालाच्या किमतीचा. दुकानात वीस लाखांचा माल असून विमा दहा लाखांचा असेल आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमाप्रमाणे चार नव्हे, सुमारे दोन लाखच हाती येतात. तेव्हा दिवाळीला चोपडापूजनाबरोबर विम्याची रक्कमही मालाशी ताडून पाहावी. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांकडे सुरू झाली. तीत वादळ आणि पूर समाविष्ट आहेत आणि अपुऱ्या विम्याची कात्री लावली जात नाही. समुद्रात वादळ उठल्यावर मात्र विमा घ्यायची वेळ टळलेली असते. पॉलिसी, सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक आणि हिशेबाची प्रत पाणी न शिरणाऱ्या एकाच पिशवीत, आणि थोडी रोकड लहान नोटांत.

याबाबतीत पूर्वजांचा आदर्श डोळ्यांपुढे आहे. जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारांतील ताडपत्रे शतकानुशतके टिकली, ती दैवाने नव्हे. ग्रंथ कापडात घट्ट बांधायचा, पेटीत ठेवायचा, दरवर्षी ज्ञानपंचमीला भांडार उघडून झाडायचे, ओल लागली का पाहायचे, अशी शिस्त होती. पावसाळा संपताच येणारी ती तिथी ग्रंथरक्षणाला किती अनुरूप आहे! आज अनेक ठिकाणी ज्ञानपंचमीला पाटावर चार पुस्तके मांडून वासक्षेप होतो आणि कपाट मात्र उघडलेच जात नाही.

राहता राहिली संस्थेची बाजू. उपाश्रय, आयंबिलशाळा आणि वाडी या समाजाच्या पक्क्या, सिमेंटच्या स्लॅबच्या इमारती होत. वादळाच्या वेळी त्या कुलपात असतात आणि किल्ली एकाच विश्वस्ताकडे, जे नेमके मुंबईला गेलेले असतात. किल्ल्या तीन घरी असाव्यात. कोणत्या घरात एकटे वृद्ध राहतात, कोण चालू शकत नाही, कोणाला औषध चुकता येत नाही, याची यादी कागदावर असावी आणि एकेका युवकाकडे दोन-दोन घरे नेमून द्यावीत. चातुर्मासासाठी विहारात असलेले साधू-साध्वी जवळच्या मार्गावर असतील तर त्यांची स्थिरता कोठे होईल हे संघाने आधीच पाहावे, कारण ते स्वतः मागणार नाहीत. निवाऱ्याचे दार कोळी, आगरी, मुसलमान शेजाऱ्यालाही उघडे असावे; साधर्मिक वात्सल्य कमी होते असा संकोच करणाऱ्यांनी अनुकंपादानाला पात्रापात्रतेची अट नाही हे आठवावे.

ही यादी वर्षातून दोनदा वाचली जावी. अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यासाठी सर्व संघ एकत्र येतो, ते मे-जूनच्या वादळांच्या आधी होते. संवत्सरीनंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा, म्हणजे ऑक्टोबरपूर्वी. सौर कंदील पेटतो का, ताडपत्रीला भोक आहे का, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, मागील वर्षी यादीत असलेल्या आजी आता मुलाकडे पुण्याला गेल्या का, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो.

जय जिनेंद्र.